सफारीची तयारी आणि माळाची निरक्षरता

आमच्या गुरुजनांच्या पिढीत ‘सफारी’ हा शब्द शिंप्याच्या दुकानात उच्चारला जाई. एकाच कापडाचा बुशकोट व विजार, वर चार खिसे, असा तो पोशाख प्राचार्यांपासून तहसीलदारांपर्यंत साऱ्यांनी मिरवला. आज प्राध्यापक-कक्षात हा शब्द निघतो तो केनिया वा टांझानियाच्या सहलीसाठी. शब्द मात्र आपल्याला परका नाही. अरबी ‘सफर’ स्वाहिली भाषेत गेली, तेथून इंग्रजीत आली आणि वळसा घालून पुन्हा आपल्या दारी पोहोचली. जी सफर मराठीत शेकडो वर्षे नांदत होती, तिला आफ्रिकेचा शिक्का लागल्यावरच आपण मान दिला. आमचा वाद याच मानाविषयी आहे.

प्रथमच स्पष्ट करावयास हवे की, आफ्रिकेला जाऊ नये असे आमचे म्हणणे नाही. ‘आपल्याकडे काय कमी आहे’ हा देशाभिमानी सूर आम्हांस तितकाच पोकळ वाटतो, कारण तो आळवणाऱ्यांनी आपल्याकडे काय आहे हे बहुधा पाहिलेले नसते. आक्षेप आहे तो तयारीवर. आम्ही काही सहकाऱ्यांनी मासाई माराला जाण्याचा बेत केला तेव्हा आमची तयारी कशी झाली, तेच येथे पुराव्यादाखल मांडतो.

तयारी निर्दोष होती. पीतज्वराची लस अधिकृत केंद्रावरच मिळते, तिचे प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून ग्राह्य ठरते आणि केनियाहून ते नसताना परतल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकते, हे आम्ही पाठ केले. गडद निळा व काळा रंग त्सेत्से माशीला आकर्षून घेतो म्हणून मातकट कपडे काढले. छोट्या विमानात पंधरा किलोंचीच आणि तीही मऊ पिशवी चालते, केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या, सारे टिपले. जुलै ते ऑक्टोबर हा माराचा हंगाम, कारण तेव्हा विल्डबीस्टांचे लाखोंचे कळप सेरेंगेटीतून उत्तरेला येतात. त्याच हंगामात, 2024 पासून, परदेशी प्रौढ पाहुण्याला माराच्या प्रवेशासाठी दिवसाला 200 डॉलर मोजावे लागतात, हेही हिशेबात धरले.

मग एका सायंकाळी कोणीतरी सहज विचारले, ‘हे कळप खातात कोणते गवत?’ उत्तर आले नाही. दुसरा प्रश्न अधिक अडचणीचा निघाला: आपल्या माळावरच्या किती गवतांची नावे आपल्याला येतात? पाच एम.ए. झालेल्या माणसांना मिळून एकच नाव आले, कुसळी. तेही ती मोज्यात रुतते म्हणून. पवन्या, मारवेल ही नावे आम्हांस पुढे एका विद्यार्थ्याने सांगितली. त्याच्या घरी मेंढरे आहेत.

ही घटना अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतची आहे, आणि म्हणूनच ती लाजिरवाणी आहे. याच तालुक्यात रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे. 1980 साली ते घोषित झाले, क्षेत्र अवघे 2.17 चौरस किलोमीटर. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान सुमारे 14,700 चौरस किलोमीटरांचे आहे; तुलना हास्यास्पद वाटेल. परंतु तुलना आकाराची नाहीच. सेरेंगेटीतला कुरंग ज्या नियमाने जगतो, त्याच नियमाने रेहेकुरीचा काळवीट जगतो: मोकळे रान, दूरवर पोहोचणारी नजर, वेगवान पाय आणि पावसावर अवलंबून असलेले गवत. हा नियम अडीच तासांत घरच्या माळावर शिकता येतो. तो शिकलेल्या माणसाला मारात पाचपट अधिक दिसेल. न शिकलेल्याला जीपमधून सिंहाची पाठ दिसेल आणि चालकाने दाखवली म्हणून दिसेल.

‘निसर्ग पाहायला भाषा कशाला हवी?’ असा प्रतिवाद येईल. साहित्याच्या विद्यार्थ्याने तरी तो करू नये. शब्द नसला की वस्तू दिसत नाही, आणि चुकीचा शब्द असला की ती नाहीशीही करता येते. आपल्या महसुली भाषेने माळाला ‘पडीक’ म्हटले. देशाच्या पडीक जमिनींचे जे नकाशासंग्रह 2000 सालापासून सरकारने प्रसिद्ध केले, त्यांतही गवताळ व झुडपी रानाचा मोठा हिस्सा याच सदरात गेला. ‘पडीक’ म्हटले की उपाय ठरलेला: नांगरा, खड्डे खणून झाडे लावा, नाहीतर उद्योगाला द्या. लांडगा, खोकड, तरस, धाविक, चंडोल, माळटिटवी यांचे घर एका विशेषणाने पुसले गेले. तोच भूप्रकार आफ्रिकेत ‘सव्हाना’ झाला की आपण त्यासाठी कर्ज काढतो.

आता आमच्या व्यवसायाकडे येऊ. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955 साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून ती शिकवली जाते. ग्रामीण जीवनाचे चित्रण, व्यक्तिरेखा, मास्तरची भूमिका, बोलीचा वापर यांवर प्रश्न निघतात आणि ठरलेली उत्तरे येतात. पाऊस हुकला की गवत जाते, गवत गेले की मेंढरे, मेंढरांमागे माणसे आणि माणसांमागे गाव, ही साखळी त्या कादंबरीचा कणा आहे. पण आम्ही ती ‘दुष्काळाचे वर्णन’ या मथळ्याखाली गुंडाळतो. निसर्ग ही पार्श्वभूमी, माणूस हा विषय, अशी वाटणी आमच्या समीक्षेने केली आणि परीक्षेने पक्की केली.

ही साखळी नीट शिकवली असती तर आम्हांस एक गोष्ट आपोआप उमगली असती. विल्डबीस्टांचे जगप्रसिद्ध स्थलांतर हीदेखील पाऊस, गवत आणि कळप यांचीच साखळी आहे. आमच्या पट्ट्यातल्या मेंढपाळांचे वाडेही तिलाच बांधलेले आहेत. पावसाळा सरला की घोड्यांवर बिऱ्हाड लादून कितीतरी वाडे चराईच्या शोधात निघतात, काही घाट उतरून कोकणात जातात, वाटेत शेतांत मेंढरे बसवून खत देतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. एक स्थलांतर पाहायला आपण समुद्र ओलांडतो. दुसरे रस्त्यात आडवे आले की हॉर्न वाजवतो.

सफारीची भाषा आणखीही काही लपवते. ‘बिग फाइव्ह’ पाहिल्याशिवाय सहल पुरी होत नाही असे मानले जाते. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा ही यादी शिकाऱ्यांची. पायी शिकार करण्यास सर्वांत धोक्याचे प्राणी कोणते, यावरून ती ठरली. बंदुकीची यादी कॅमेऱ्याने जशीच्या तशी उचलली. त्याहून गंभीर लपवाछपवी ‘अस्पर्श अरण्य’ या शब्दप्रयोगात आहे. सेरेंगेटीच्या उद्यानातून 1959 साली मासाई पशुपालकांना बाहेर काढून एन्गोरोंगोरोकडे हलवले गेले. ते रान माणसांपासून मोकळे केले गेले आणि मग त्याला अस्पर्श म्हटले गेले.

आपल्याकडे हीच चूक उलट्या दिशेने झाली. माळढोकासाठी 1979 साली सोलापूर-नगर भागात 8,496 चौरस किलोमीटरांचे अभयारण्य घोषित झाले. त्यात शेते आली, गावठाणे आली, कर्जत तालुक्याचा भागही आला. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि ज्या पक्ष्यासाठी हे केले तोच लोकांच्या मनातून उतरला. पुढे क्षेत्र घटवून सुमारे 1,222 चौरस किलोमीटर करण्यात आले; तोवर पक्षी जवळजवळ दिसेनासा झाला होता. एकीकडे माणूस वगळून रान राखले, दुसरीकडे माणसाला न विचारता. दोन्ही ठिकाणी गुराख्याचे ज्ञान मोजले गेले नाही.

म्हणून सफारी निवडताना विचारायचा पहिला प्रश्न तंबूत गरम पाणी आहे काय, हा नसावा. ही जमीन कोणाची आणि भाडे कोणाला मिळते, हा असावा. मासाई माराच्या भोवती मासाई जमीनमालकांकडून भाड्याने घेतलेली राखीव राने आहेत. तेथे वाहनांच्या संख्येवर मर्यादा असते आणि जमीनधारकांना नियमित भाडे मिळते. दोन दिवस कमी राहून अशा ठिकाणी राहावे. तयारीचा दुसरा भाग त्याआधी घरी करावा. पावसाळा संपता संपता, गवत तुऱ्यावर असताना, एका पहाटे रेहेकुरीला जावे. भीमेपलीकडे, इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळला वनखात्याने 2024 साली गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, तीही करावी. सोबत जमल्यास मेंढपाळ असावा आणि वहीत दहा शब्द असावेत.

मराठीत हे शब्द नाहीत असे नाही. मारुती चितमपल्ली यांनी जन्मभर रानातले शब्द गोळा केले, 2002 साली ‘पक्षिकोश’ दिला. 2006 साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, 2025 साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. आम्ही श्रद्धांजलीच्या सभा घेतल्या. त्यांचा कोश मात्र ग्रंथालयाच्या ‘केवळ संदर्भासाठी’ असलेल्या कपाटात राहिला, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे याची चौकशी सभेनंतर कोणी केली नाही. आम्हीही नाही.

आमचा बेत रद्द झालेला नाही. एक वर्ष पुढे ढकलला आहे. लस आणि तिकीट महिन्याभरात होते. गवत ओळखायला एक पावसाळा लागतो, आणि तो विद्यार्थी शिकवायला तयार आहे.