शब्बाथशाळेला वेळ नाही म्हणे!

आज थोडं कडू बोलतो, राग मानू नका.

गेल्या रविवारी शब्बाथशाळेत मुलं किती? सहा. बाकीची क्लासच्या टेस्टला. पालक वर तोंड करून विचारतात, "वचनं पाठ करून मार्क वाढतात का?"

नाही वाढत. मला स्वतःला निम्मी वचनं आज आठवतही नाहीत. पण तिसरीत असताना बाईंनी सगळ्या मंडळीसमोर 23 वं स्तोत्र म्हणायला उभं केलं होतं, ते आठवतं. मधेच अडकलो, पाय लटपटायला लागले. पुढच्या बाकावरच्या एका आजीनं हळूच पुढचा शब्द सांगितला. आजींना अक्षरओळख नव्हती, ऐकून ऐकून पाठ केलेलं. पुढे ग्रामसभेत पाण्याच्या टाकीवरून उभं राहून सरपंचांना प्रश्न विचारला, ते धाडस तिथलंच. कुठला क्लास शिकवतो हे?

1780 मध्ये इंग्लंडात ग्लॉस्टरला रॉबर्ट राइक्स यांनी अशी शाळा काढली, ती आठवडाभर कामावर राबणाऱ्या गरीब पोरांसाठी. त्यांना मोकळा असायचा तो रविवारच. त्या दिवशी ती बायबल हातात धरून वाचायला शिकली. आपण तोच रविवार आपल्या पोरांकडून काढून घेतोय, तेही फी भरून!

आणि पंचकमिटी, तुम्हीही सुटत नाही. नव्या साउंड सिस्टिमला पैसे निघतात, मग मुलांच्या खोलीत मोडक्या खुर्च्या का रचल्यात? येत्या बैठकीत मी विचारणार आहे. कोण कोण येतंय सोबत?