परदेशची पेन्शन, मायदेशीचा कर



पेढीवर बसणाऱ्याला निवृत्ती नसते. म्हणून आपल्या व्यापारी घराण्यांत पेन्शनचा विचार उशिरा आला. शिक्षणासाठी अमेरिकेत वा इंग्लंडमध्ये जाऊन तेथेच नोकरी केलेली पिढी आता गावाकडे परतू लागली आहे. कुणाला वृद्ध आईजवळ राहावयाचे असते, कुणाला चातुर्मासाचा लाभ घ्यावयाचा असतो. आयुष्यभराची पुंजी मात्र परदेशात असते आणि तिच्यावरील कराचा प्रश्न बहुधा परतल्यानंतर सुचतो. तो तिकीट काढण्यापूर्वीच सुचावयास हवा.

भारतात कर प्रामुख्याने वास्तव्यावर ठरतो. आर्थिक वर्षात १८२ किंवा अधिक दिवस येथे राहणारा 'निवासी' होतो. काही अटींनी त्याहून कमी दिवसांतही होतो. निवासी व्यक्तीचे जगभरचे उत्पन्न येथे करपात्र असते. तथापि दीर्घकाळाने परतणाऱ्यास कायद्याने थोडी उसंत दिली आहे. मागील १० वर्षांपैकी ९ वर्षे जो अनिवासी होता, किंवा मागील ७ वर्षांत ज्याचे येथील वास्तव्य ७२९ दिवसांहून अधिक नव्हते, तो 'सामान्यतः निवासी नसलेला' गणला जातो. या काळात परदेशातील खासगी नोकरीची पेन्शन प्रथम तेथील बँकेत जमा होऊन मग येथे आली, तर तिच्यावर भारतात कर नाही. तीच थेट सांगलीच्या खात्यात उतरली, तर ती भारतात मिळालेली ठरून करपात्र होते. माणूस तोच, रक्कम तीच. फरक केवळ पहिल्या खात्याचा.

ही उसंत संपली की अमेरिका व ब्रिटन यांच्याशी झालेल्या करारांनुसार खासगी पेन्शनवर राहत्या देशात, म्हणजे भारतात कर लागतो. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीवर मात्र अमेरिकेचाच अधिकार असतो. शिवाय अमेरिकी नागरिक कोठेही राहिला, तरी तेथील विवरणपत्राचे बंधन त्याच्यामागे राहते.

निवृत्ती खात्यात साठणाऱ्या वाढीवर येथे दरवर्षी आणि तेथे पैसे काढताना कर, अशी विसंगती पूर्वी होती. १९६१ च्या कायद्यातील कलम ८९अ ने अमेरिका, ब्रिटन व कॅनडा येथील खात्यांपुरती ती दूर केली. त्यासाठी विवरणपत्राच्या मुदतीत नमुना १०-ईई भरावा लागतो. एकदा दिलेला पर्याय मागे घेता येत नाही. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने पुढील वर्षांसाठी कलमांचे व नमुन्यांचे क्रमांक तपासून घ्यावेत.

पूर्ण निवासी झाल्यावर परदेशातील खाती विवरणपत्रात दाखवणे बंधनकारक आहे, मग त्यांत उत्पन्न असो वा नसो. ती लपवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. आपल्याकडे दंडाहून मोठे भय व्रतभंगाचे. अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम आहे आणि राज्याचा कर चुकवणे त्यातच मोडते, असे श्रावकांना सांगितले जाते. कायद्याने दिलेली सवलत जाणून घेणे हा विवेक. खाते दडवणे हा अतिचार.

म्हणून परतण्यापूर्वी पासपोर्टवरून मागील १० वर्षांतील भारतातील दिवस मोजावेत, परदेशातील एक बँक खाते चालू ठेवावे आणि दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या सनदी लेखापालास भेटावे. चोपडी स्वच्छ असली, की उतारवयातील धर्मध्यानही निश्चिंत होते.