श्वेचा वायू आणि दिल्लीची भूमिका

म्यानमारच्या राखाईन किनाऱ्यालगतच्या समुद्रात श्वे हे वायुक्षेत्र आहे. ते चालवते दक्षिण कोरियाची पोस्को. भागीदारांत ओएनजीसी विदेशचा हिस्सा 17 टक्के आणि गेलचा साडेआठ. दोन्ही भारताच्या सरकारी कंपन्या. म्यानमारची सरकारी तेल कंपनी एमओजीई 15 टक्क्यांची धनी आहे, आणि फेब्रुवारी 2021 च्या लष्करी उठावापासून ती लष्कराच्या ताब्यात आहे.

खासगी कंपनीने नको त्या राजवटीशी सौदा केला तर परराष्ट्र खात्याला कानांवर हात ठेवता येतात. सरकारी कंपनीच्या बाबतीत ती सोय नाही. जून 2020 मध्ये श्वेत आणखी सुमारे 12 कोटी डॉलर गुंतवायला परवानगी दिली ती केंद्रीय मंत्रिमंडळाच्या अर्थविषयक समितीने.

पेच जुनाच आहे. 1988 च्या लोकशाही आंदोलनाला भारताने उघड पाठिंबा दिला होता, आंग सान स्यू की यांना 1993 सालचा नेहरू पुरस्कारही दिला. पुढे ईशान्येतल्या बंडखोरांचा प्रश्न आणि चीनचा वाढता वावर पाहून दिल्लीने लष्कराशी जुळवून घेतले. सप्टेंबर 2007 मध्ये भिक्खूंच्या मोर्चांनी यांगूनचे रस्ते भरून गेले होते. नेमक्या त्याच दिवसांत तेव्हाचे पेट्रोलियम मंत्री मुरली देवरा म्यानमारमध्ये होते. त्यांच्या उपस्थितीत ओएनजीसी विदेशने खोल समुद्रातल्या तीन गटांचे करार केले. लगेचच निदर्शकांवर बळाचा वापर सुरू झाला.

या सगळ्याच्या समर्थनासाठी ऊर्जासुरक्षेचे कारण दिले जाते. सुदानच्या बाबतीत त्यात तथ्य तरी होते. मानवी हक्क संघटनांच्या दबावाखाली कॅनडाच्या टॅलिस्मन कंपनीने सोडलेला तिथल्या तेलप्रकल्पातला 25 टक्के हिस्सा ओएनजीसी विदेशने 2003 मध्ये घेतला आणि तिथले कच्चे तेल मंगळूरच्या रिफायनरीत पोहोचले. श्वेचा वायू मात्र भारतात आलाच नाही. बांगलादेशातून वाहिनी आणण्याची बोलणी फिसकटली, म्यानमारने चीनशी करार केला आणि 2013 पासून हा वायू यूनानला जातो. त्या वाहिनीतही भारतीय कंपन्यांचे भाग आहेत. म्हणजे उरला तो नफा, आणि नफ्याला ऊर्जासुरक्षा म्हणणे ही शुद्ध धूळफेक आहे. बंडखोरांविरुद्ध लष्कराचे सहकार्य लागते, हा मुद्दा खरा. पण त्यासाठी विहिरीत हिस्सा असावा लागत नाही.

जून 2021 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत उठावाचा निषेध करणाऱ्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. तो निर्णय केवळ वायूमुळे झाला असे म्हणता येणार नाही. सीमेचे प्रश्न मोठे आहेत.

बाहेर पडणे हाही सरळ उपाय नाही. टोटल आणि शेव्हरॉन या तेल कंपन्यांनी जानेवारी 2022 मध्ये म्यानमार सोडण्याची घोषणा केली. टोटलचा हिस्सा उरलेल्या भागीदारांत वाटला गेला, त्यांचे यादाना वायुक्षेत्र थायलंडची पीटीटीईपी चालवू लागली आणि वायू वाहतच राहिला. त्याआधी, मे 2021 मध्ये, या दोघींनी आपल्या वाहिनी कंपनीचा लाभांश थांबवला होता. उत्पादन चालू ठेवून लष्कराची मिळकत थोडीफार अडवण्याची ही मधली वाट आहे. श्वेत भारतीय हिस्सा छोटा असल्याने ती एकट्याने चालता येणार नाही, कोरियाला सोबत घ्यावे लागेल. आणि ती बोलणी कंपनीने नव्हे, तिच्या मालकाने, म्हणजे सरकारने करायची असतात.