औंढ्याची बाहेरची भिंत

औंढा नागनाथाच्या मंदिरात दोन काळ एकावर एक उभे आहेत. खाली यादवकालीन दगडी काम: हत्तींचा थर, देवदेवता, कोनाकोनांनी वळत जाणाऱ्या भिंती. वर मात्र नंतरच्या जीर्णोद्धारातले पांढरे शिखर. ज्योतिर्लिंग भुयारात, अरुंद पायऱ्या वाकूनच उतराव्या लागतात. नंदी समोर नाही, मागच्या बाजूला आहे. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरले आणि नंदी मागे राहिला, ही कथा घरोघरी ठाऊक आहे; त्यांना गुरू विसोबा खेचर इथेच भेटले, असेही परंपरा सांगते. पण दर्शनाची रांग भुयाराकडे सरकते आणि बाहेरच्या भिंतींवरची ही शिल्पे न पाहताच अनेकजण परततात, याची मनापासून खंत वाटते. म्हणून या अंकातला मुख्य लेख बाहेरच्या जोत्यापासून सुरू केला आहे.