धूळ झाडली, धुराचे काय?

दिवाळी आटोपली आणि पहाटेचा गारठा सुरू झाला की आम्हा डॉक्टरांच्या दवाखान्यात खोकल्याची रांग लागते. लहान मुलांची छाती घरघरते, जुन्या दमेकऱ्यांचा महिनाभर पुरणारा पंप पंधरा दिवसांत संपतो आणि वयस्क मंडळी उशाला टेकून रात्र बसून काढतात. कारण विचारावे तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले, ‘डॉक्टरसाहेब, रस्त्यावरची धूळ!’ गेली सत्तावीस वर्षे हे उत्तर मी ऐकत आहे. धुळीने त्रास होतो, यात शंका नाही. पण धुळीपेक्षा मोठा गुन्हेगार धूर आहे आणि तो मोकळा सुटला आहे, असे माझे मत आहे. त्याविषयी आज चार शब्द.

प्रथम आकार समजून घेऊ. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. एस.टी. गेल्यावर उडणाऱ्या मातीचे कण बरेचसे १० मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून मोठे असतात. नाकातील केस, शेंबूड आणि श्वासनलिकेतील बारीक लव यांत ते अडकतात आणि शिंकेतून, खोकल्यातून बरेचसे बाहेर पडतात. मात्र २.५ मायक्रॉन व त्याहून लहान कण, ज्यांना ‘पी.एम. २.५’ म्हणतात, ते हे सर्व पहारे चुकवून थेट फुफ्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. जाड धूळ लवकर खाली बसते. हे बारीक कण मात्र कित्येक दिवस हवेत तरंगतात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर प्रवास करतात.

हे कण असतात तरी कशाचे? शहरातील हवेचा नमुना तपासला तर त्यात मुख्यतः चार गोष्टी सापडतात. पहिली काजळी, म्हणजे डिझेल, कोळसा, लाकूड अर्धवट जळाल्यावर उरणारा काळा कार्बन. दुसरी, त्याच धुरातील तेलकट सेंद्रिय द्रव्ये. तिसरी सल्फेट, नायट्रेट आणि अमोनियम ही क्षारद्रव्ये. चौथी बारीक माती, राख, मीठ आणि शिसे-जस्तासारखे धातू.

यांतील तिसरा प्रकार मोठा विलक्षण आहे. हे कण बहुतांशी कोणत्याही धुराड्यातून तयार होऊन बाहेर पडत नाहीत. कोळशातील गंधक जळून सल्फर डायऑक्साइड निघतो, गाड्यांच्या इंजिनातून नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात, तर गोठ्यातून व शेतात फेकलेल्या युरियातून अमोनिया सुटतो. हे सारे वायू. पण हवेत त्यांचा परस्परांशी संयोग होऊन बारीक घन कण जन्माला येतात. म्हणूनच धुराडे डोळ्यांना स्वच्छ दिसले तरी निर्धास्त होऊ नये.

प्रत्येक शहराचे मिश्रण वेगळे. मुंबईच्या हवेत समुद्राचे मीठही असते. चंद्रपूरला खाणी आणि २९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र, म्हणजे कोळशाचा वाटा आलाच. पुण्याला वाहनांचा भार. शिवाय भट्ट्या, जनरेटर, पेटवलेला कचरा आणि चुली सर्वत्र आहेतच. परंतु यातून एक सूत्र निघते. जाड धूळ झिजण्यातून, खणण्यातून आणि उडण्यातून येते, तर बारीक कणांचा मोठा हिस्सा काहीतरी जाळल्याने तयार होतो.

हा फरक जीवनमरणाचा आहे. अमेरिकेतील सहा शहरांमधील सुमारे आठ हजार प्रौढांची १४ ते १६ वर्षे पाहणी करून हार्वर्डच्या संशोधकांनी १९९३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. विडीकाडीसारख्या गोष्टींचा हिशेब वजा करूनही सर्वांत प्रदूषित शहरातील मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्के अधिक निघाला, आणि त्याचा जवळचा संबंध बारीक कणांशी होता. हे मृत्यू केवळ फुफ्फुसाचे नव्हते, हृदयविकाराचेही होते. पुढे २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बाहेरील हवेचे प्रदूषण व त्यातील कण यांना कर्करोगजनक ठरवले. या संघटनेच्या २०२१ च्या शिफारशीनुसार पी.एम. २.५ चे प्रमाण वर्षाच्या सरासरीने दर घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे. आपल्या देशाने २००९ मध्ये ठरवलेली मर्यादा ४० आहे.

आता आपल्या उपायांकडे पाहा. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्यात मुंबई-पुण्याबरोबर चंद्रपूर, जालना, लातूर, सांगली अशी शहरेही आहेत. हेतू उत्तमच. पण शहरांचे यश मोजण्याची फूटपट्टी ठेवली ती पी.एम. १० ची, म्हणजे ज्यात जाड धूळही येते ती. मग नगरपालिका-महानगरपालिका काय करणार? झाडण्याची यंत्रे घ्या, टँकरने पाणी मारा, तुषार उडवा. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०२४ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा खर्चापैकी ६४ टक्के रक्कम रस्त्यावरील धुळीवर गेलेली आढळली. वाहनांच्या धुरावर सुमारे १३ टक्के, आणि उद्योगांवर एक टक्कासुद्धा नाही! तापाच्या रोग्याला थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसावे आणि मलेरियाचे औषध देऊच नये, तसा हा प्रकार.

वाचकहो, हे मोठ्या शहरांचे दुखणे आहे असे समजून पान उलटू नका. आपल्यासारख्या तालुक्याच्या गावी पहाटे साडेपाचला फेरफटका मारून पाहा. चौकाचौकात झाडलोटीचा ढीग पेटवलेला असतो. त्यात पाल्याबरोबर प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि जुने टायरही असतात. गावाबाहेरचा कचरा डेपो महिनोन् महिने धुमसतो. ऊस तुटला की पाचट पेटते, कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या पेटतात. थंडीत जमिनीलगतची हवा गार व जड होऊन वर जात नाही, त्यामुळे हा सगळा धूर झाकण ठेवल्यासारखा घरांवर बसून राहतो. आणि याच वेळी आपण ‘शुद्ध हवा’ खायला बाहेर पडतो!

उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच देशभर बंदी घातली असून पाच हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. आपल्या गावात असा दंड झालेला मी तरी ऐकला नाही. झाडूवाल्याला दोष देऊ नये. ढीग उचलायला गाडीच येत नसेल तर तो बिचारा काय करील? जाब विचारायचा तो गाडी न पाठवणाऱ्यांना. पाणी मारण्याच्या टँकरचे बिल जिथे मंजूर होते, तिथेच कचरा उचलण्याच्या गाडीचेही होऊ शकते.

घरच्या घरी काय करावे?

१) थंडीत दमा, हृदयविकार असलेल्यांनी व वृद्धांनी ऊन वर आल्यावरच फिरायला जावे.

२) रुमाल किंवा पदर तोंडाला बांधल्याने बारीक कण अडत नाहीत. धुरात जाणे भागच असेल तर नाकाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा.

३) बंद खोलीत डासांची कॉइल जाळू नये. एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असे तपासणीत आढळले आहे. मच्छरदाणी स्वस्त आणि निर्धोक.

४) गॅस असूनही पाणी तापवायला बंब किंवा चूल पेटत असेल तर धूर घरात कोंडू देऊ नये, आणि तान्ह्या मुलाला तेथे घेऊन बसू नये.

५) पाचट व पऱ्हाटी शेतातच कुजवावी. जमिनीला खत मिळेल.

६) बरे वाटले म्हणून दम्याचा पंप स्वतःच्या मनाने बंद करू नये.

खोकल्याचे औषध लिहून देणे माझे काम आहे आणि ते मी करीनच. पण औषध घेऊन घरी गेलेले मूल रात्री पुन्हा तोच धूर घेणार असेल, तर त्या औषधाने कितीसा गुण यायचा? वॉर्डात नगरसेवक भेटले की आपण रस्ता मागतो, दिवा मागतो. यंदा एक मागणी वाढवा, ‘आमच्या चौकात कचरा पेटता कामा नये.’