एका क्लिकची वेबसाइट, पण चावी कोणाकडे?

समजा, वसई-विरारमध्ये राहून तुम्हाला आगाशीची सुकेळी ऑनलाइन विकायची आहेत. मोबाइलवर होस्टिंगचं पॅनल उघडा, ‘वर्डप्रेस इन्स्टॉल’ दाबा, काही मिनिटांत साइट तयार. मग हाताने इन्स्टॉल करायला शिकायचं कशाला?

याचं उत्तर 2024 च्या एका भांडणात आहे. 25 सप्टेंबरला वर्डप्रेस डॉट ऑर्गने डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीला आपले सर्व्हर बंद केले. कंपनीच्या ग्राहकांना डॅशबोर्डमधून प्लगइन अपडेट करता येईनात. त्यांचा यात काहीच दोष नव्हता! 12 ऑक्टोबरला याच कंपनीच्या ‘एसीएफ’ प्लगइनची वर्डप्रेसवरची जागा दुसऱ्या नावाच्या प्लगइनला दिली गेली. ऑटो-अपडेट चालू असलेल्या साइटवर ते आपोआप बदललं. 10 डिसेंबरला अमेरिकेतल्या कोर्टाने हे सगळं पूर्ववत करायला सांगितलं. पण मधल्या काळात झिप फाइल उतरवून हाताने टाकता येणाऱ्यांना वाट मोकळी होती.

हाताने करायचं म्हणजे काय? झिप अपलोड करून उघडायची, डेटाबेस आणि त्याचा युजर बनवायचा, ती माहिती कॉन्फिग फाइलमध्ये भरायची. बस्स.

म्हणून सुरुवात क्लिकनेच करा. सिक्युरिटी अपडेटही ऑटोवरच ठेवा, कारण लोकलची धावपळ सांभाळून रोज कोण तपासणार? पण एखाद्या सबडोमेनवर एकदा तरी हाताने इन्स्टॉल करून बघा. आणि फाइल्स व डेटाबेस, दोन्हींचा बॅकअप स्वतःकडे ठेवा. बटण होस्टिंगवाल्याचं असलं, तरी दुकान तुमचं आहे.