नादारी हा गुन्हा नव्हे

परभणीहून गंगाखेडकडे जाताना पोखर्णी लागते. नृसिंहाच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांमुळे हे गाव सर्वदूर परिचित आहे. भोवतालच्या काळ्या मातीत कापूस आणि सोयाबीन पिकवणारा शेतकरी मात्र कर्जाने वाकला आहे. मराठवाड्यातील अशा गावांत कर्जापायी प्राण दिलेल्यांच्या घरी सांत्वनाला गेलो, की एकच वाक्य कानी पडते: "तोंड दाखवायला जागा उरली नव्हती, फादर." हे वाक्य आम्हांला मान्य नाही.

आमच्यापैकी कित्येक जण नादारीवर शिकले. शाळेने फी माफ केली म्हणून घराण्याला बट्टा लागला, असे कोणी म्हटले नाही. मग तोच शब्द न्यायालयाच्या दारी उच्चारताना मान खाली का जावी?

कायदा काय सांगतो ते पाहू. मुंबई शहरासाठी 1909 चा आणि मुंबईबाहेरच्या मुलखासाठी 1920 चा नादारीचा कायदा आहे. ज्याला कर्ज फेडणे अशक्य झाले आहे, तो 1920 च्या कायद्यान्वये स्वतः अर्ज करू शकतो. मात्र त्याचे देणे किमान 500 रुपये असावे, किंवा हुकूमनाम्यापायी त्याला अटक झालेली असावी, किंवा त्याच्या मालमत्तेवर जप्ती आलेली असावी. त्याची मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते आणि सावकारांत वाटली जाते. परंतु शेतकऱ्याचे राहते घर, अवजारे, निर्वाहापुरती जनावरे व बियाणे, अंगावरचे कपडे आणि स्वयंपाकाची भांडी यांना दिवाणी संहितेच्या 60 व्या कलमाचे संरक्षण आहे. शेवटी ऋणमुक्तीचा आदेश मिळू शकतो. सरकारी देणे, पोटगी आणि लबाडीने केलेले कर्ज यांतून मात्र सुटका नाही. गहाण जमिनीवरचा बँकेचा हक्कही अबाधित राहतो. ही मर्यादा लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

"अशाने लोक कर्ज बुडवायला सोकावतील," असे सज्जन म्हणतात. त्यांनी हाच कायदा नीट वाचावा. मालमत्ता दडवणाऱ्याला त्यात तुरुंगवास आहे. उलट, देण्याची ऐपतच नसलेल्या प्रामाणिक ऋणकोला केवळ दारिद्र्यापायी तुरुंगात डांबणे घटनेच्या 21 व्या अनुच्छेदाशी विसंगत आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1980 साली दिला.

आमचा खरा राग 2016 च्या नव्या संहितेवर आहे. तीत गरिबासाठी 'नवी सुरुवात' नावाचे प्रकरण लिहिले गेले. त्याच्या अटी पाहा: वार्षिक उत्पन्न 60,000, मालमत्ता 20,000 आणि कर्ज 35,000 रुपयांहून अधिक नको, शिवाय स्वतःचे घर नको! जुन्या कायद्याने शेतकऱ्याचे घर राखले. नव्याने घर आहे म्हणूनच त्याला दाराबाहेर ठेवले. आणि हे दार तरी कुठे उघडले? 1 डिसेंबर 2019 पासून व्यक्तींसाठीचा भाग लागू झाला तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला हमी देणाऱ्यांपुरता. भांडवलदाराच्या हमीदाराला वाट मिळाली, मजुराला कागद मिळाला.

पण सरकारला बोल लावून आम्ही मोकळे होणार नाही. लग्नात ऐपतीबाहेरचा मांडव घालणारे आपणच. शेजाऱ्याच्या दारी वसुलीचा माणूस आला, की खिडकीआडून पाहणारेही आपणच. दर सातव्या वर्षी ऋणमोचन करण्याची आज्ञा अनुवादाच्या 15 व्या अध्यायात आहे. ती वाचून आपण 'आमेन' म्हणतो आणि बुडालेल्याला जेवणाच्या पंगतीत टाळतो. हा दुटप्पीपणा आहे.

म्हणून कुटुंबीयांना आमची विनंती: कर्ज घरच्यांपासून लपवू नका. सावकाराकडे परवाना आहे का, हे आधी विचारा. 2014 च्या राज्य कायद्यान्वये विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि अल्प उत्पन्न असलेल्यांना तिथे वकील विनामूल्य मिळतो.

देणे हिशेबाच्या वहीत असते. माणूस त्या वहीत मावत नाही. ज्याने सर्व गमावले, त्याला तोंड दाखवायला निदान आपले अंगण तरी असू द्या.